एका डोळ्याची जिवती

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते कागद घोटायचं. कोणाला वाटत असेल, शेवटच्या संध्याकाळी म्हातारा-म्हातारी हातात हात घेऊन बसतात आणि जुन्या आठवणी काढतात. आम्ही भांडत होतो. तिचं म्हणणं, या कोपऱ्यात कागद अजून खरबरीत आहे. माझं म्हणणं, खरबरीत तुझं बोट आहे, कागदाला कशाला बोल लावतेस. अनुसया, म्हणजे माझी बायको, चित्रं काढायची. जुन्या पोथ्यांत असायची तशी, तळहाताएवढ्या जागेत अख्खं गाव बसवणारी बारीक चित्रं, खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्यानं. असल्या चित्राला कागद आधी आरशासारखा गुळगुळीत करावा लागतो. त्यासाठी हकीकचा दगड लागतो आणि दगडाच्या मागे एक बैल लागतो. तिचं मनगट कामातून गेल्यापासून तो बैल मी. त्या दिवशी एका अंगाचं चित्र पुरं झालं होतं. ते पालथं घालून मी पाठ घोटत होतो, कारण ती कागदाच्या दोन्ही बाजूंना चित्र काढायची. का, ते पुढे येईल. दिवे लागायच्या वेळेला ती म्हणाली, "बस करा आता, उद्या सकाळी खाका टाकू." मी लाखोळीचं वरण गरम केलं. तिनं एक घास खाल्ला आणि मीठ कमी म्हणून तोंड वाकडं केलं. तिचं शेवटचं मत ते. कलेबद्दल नव्हतं, वरणाबद्दल होतं.

कलेबद्दलची तिची मतं बाकीच्यांनी लिहून ठेवली आहेत, तिला न विचारता. मुंबईचे एक गॅलरीवाले दर हिवाळ्यात आमच्या गावी, सानगडीला यायचे, पांढऱ्या गाडीतून, पाण्याची बाटली स्वतःची घेऊन. आमच्या घरचं पाणी त्यांना चालत नसे, आमच्या घरचं चित्र चालत असे. ते म्हणायचे, अनुसयाबाईंच्या चित्रांत परंपरा आणि आधुनिकता यांचा संवाद चालू आहे. ती मला आत बोलावून विचारायची, "काय म्हणून राहिले हो ते?" मी सांगायचो, "तुह्या चित्रात दोघी जणी बोलून राहिल्या म्हणते." "बोलून नाई राहिल्या," ती म्हणायची, "भांडून राहिल्या. चहा नेऊन द्या त्याले." तिच्या प्रत्येक चित्रात डोळ्याच्या बाहुलीत सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्या भोकावर एका शिकलेल्या माणसानं पानंच्या पानं लिहिली, की ती स्त्रीच्या मनातली पोकळी आहे. ते भोक मी पाडतो. गोधडी शिवायच्या सुईनं. मी चौथीपर्यंत शिकलेला कोष्टी आहे. माझ्या हातातल्या सुईतून तिच्या मनातली पोकळी कशी बाहेर आली, हे मला कोणी विचारलं नाही. म्हणून न विचारताच लिहितो आहे.

लोक आत्मचरित्रात बालपण लिहितात. माझ्या बालपणात लिहिण्यासारखं काही नाही. शेंबूड होता, तो सगळ्यांनाच होता. मी मोठा झालो तो लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात. तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं आणि तिला राग. याहून जास्त तयारी दोघांचीही नव्हती. घर हेच, सानगडीतलं, फक्त तेव्हा कुडाचं होतं. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल आणि देव, मधल्या खोलीत बाकीचं सगळं. धानाची ढोली, सुताचे गठ्ठे, पाहुणा, आजारी माणूस. सगळ्या घराला खळीचा वास, सुताला लावायच्या कांजीचा, आंबूस. आज कुठं भाताची पेज उकळताना तो वास आला तर मला वाटतं, बा आता कांड्या भरायला हाक मारणार. बा म्हणजे माझा बाप. त्याला बोलायची सवय नव्हती, त्याच्या वतीनं माग बोलायचा. धोटा एका चालीत खटक-खटक चालला म्हणजे बा खुशीत आहे. घाईनं चालला म्हणजे रागावला आहे. आणि माग थांबला म्हणजे घरातली माणसं जिथं असतील तिथं उभी राहायची. मायचं तोंड मात्र कधीच थांबत नसे, त्यामुळे ते थांबल्यावर काय होतं हे आम्हाला माहीत नव्हतं. ती सकाळी तव्यावर तांदळाच्या पिठाचे आयते टाकायची, पातळ, जाळीदार, आणि प्रत्येक आयत्यासोबत एकेकाची उणीदुणी वाढायची. जवसाची चटणी वेगळी लागत नसे.

अनुसयाचं माहेर वैनगंगेच्या काठचं एक गाव. ते आता गोसीखुर्दच्या धरणाच्या पाण्याखाली आहे. तिथं सध्या मासे राहतात आणि त्यांना सातबारा लागत नाही. तिचा बापही कोष्टीच, पण मागावर कधी बसला नाही. एका म्हाताऱ्या चिताऱ्याच्या हाताखाली त्यानं उमर घालवली. त्या चिताऱ्याचे वाडवडील राजाच्या पोथ्यांत चित्रं काढायचे. राजा गेला, पोथ्या गेल्या, चितारी तेवढा उरला. सासरा त्याच्याकडून राण्या, हरणं, केळीचे खांब असं सगळं काढायला शिकला आणि मग आयुष्यभर जिवतीचे कागद रंगवून बाजारात विकत बसला, कारण राणी कोणाला नको होती. लग्नात त्यानं पोरीला एक लुगडं, पाण्याचा एक पितळी गुंड आणि फडक्यात बांधलेलं एक गाठोडं दिलं. मायला वाटलं, चांदी असेल. तिनं गल्लीतल्या बायांसमोर गाठ सोडली. आत खाके निघाले. खाका म्हणजे चित्राच्या रेघेवरून सुईनं भोकं पाडलेला कागद. तो भिंतीवर धरून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली की भोकांतून भुकटी जाते आणि खाली ठिपक्यांचं चित्र उमटतं. मायनं एक खाका उजेडाकडे धरला. "कारे," ती मला म्हणाली, "तुह्या सासऱ्यानं पोरीले उंदरानं खाल्लेले कागद दिले काय?"

त्याच सुमारास माझी मोठी बहीण सुमनताई बाळंतपणाला आली होती आणि तिला मुलगा झाला होता. मधल्या खोलीत पाळणा टांगला, चुलीच्या भिंतीला लागून, म्हणजे पोराला ऊब लागावी. ताईच्या आणि माझ्या मधली मायची लेकरं पाळण्यातच गेली होती. किती, ते ती सांगत नसे. सगळ्या जगाची मस्करी करणारी बाई, पण जिवतीचं नाव निघालं की पदर डोक्यावर घ्यायची. जिवती म्हणजे आमच्याकडची पोरं राखणारी देवी. आषाढातल्या अवसेला तिचा कागद भिंतीला लावायचा, पुरण करायचं, पोरांना ओवाळायचं. त्या वर्षी मायनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं, "यंदा मी कागद इकत घेत नाई. माही सून चिताऱ्याची पोरगी हाये, भिताडावरच काढते." उंदरानं खाल्लेले कागद एका महिन्यात खानदानी झाले. चुलीच्या भिंतीवर चुन्याचा एक चौकोन ओढला आणि अनुसया कामाला लागली. मला तिनं कोळसा कुटायला बसवलं. कलाक्षेत्रात माझा प्रवेश तो असा.

जिवतीच्या दिवशी सकाळी बाया पाहायला आल्या. सगळ्यात पुढे शेजारची गोदाकाकी. तिला स्वतःला सरळ रेघ ओढता येत नसे, पण दुसऱ्याची वाकडी लगेच दिसायची. आज असती तर पेपरात लिहीत असती. भिंतीवर वर नरसिंह होता, मधे कालियावर नाचणारा कृष्ण, त्याखाली पोरं अंगाखांद्यावर घेतलेली जिवती. जिवतीच्या लुगड्याला तीच किनार होती जी त्या आठवड्यात बाच्या मागावर होती, एक एक धागा मोजून घ्यावा अशी. तळाला बुध आणि बृहस्पती असतात, एक हत्तीवर, एक वाघावर. वाघ होता. हत्तीच्या जागी लाल एसटी होती.

"हत्ती कुठं गेला वो?" गोदाकाकीनं विचारलं.

"हत्ती मी कधी पायला नाई," अनुसया म्हणाली. "एसटी पायली. लाखांदूरहून येते ते."

बायांनी विचार केला. त्यांच्यापैकी हत्तीवर कोणी बसली नव्हती, एसटीत सगळ्या बसल्या होत्या, आणि खिडकीशी जागा मिळणं हे देवपणच होतं. एसटी चालली. पुढे याच एसटीला मुंबईत आधुनिकता म्हणाले. आमच्या गल्लीनं तिला मिनिटाभरात पास केलं होतं. मग गोदाकाकीची नजर वर गेली.

"अवो माय! हे जिवती तं एका डोळ्याची हाये!"

अनुसयाच्या बापाच्या शिकवणीत चेहरा नेहमी बाजूनं काढायचा. एक गाल, एक कान, एक डोळा, तोही मासोळीसारखा लांब. सगळे राजे, सगळ्या राण्या तशाच बसायच्या आणि कोणी तक्रार केली नव्हती. पण बाजारच्या कागदावरची जिवती समोरून बघते, दोन्ही डोळे वटारून, पोरं राखायला आली की चोरायला हे कळू नये अशी. बायांना तीच माहीत होती.

"दुसरा डोळा माहेरीच ठेवून आली काय?" एक जण म्हणाली.

"एका डोळ्यानं किती पोरं राखन हे?"

"उजवीकडची राखन," गोदाकाकी म्हणाली. "डावीकडच्यायनं आपापलं पाहून घ्यावं."

पदर तोंडाला लावून सगळ्या हसल्या. माय हसली नाही. तिचं तोंड थांबलं होतं, आणि ते थांबल्यावर काय होतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. संध्याकाळपर्यंत सुमनताईच्या पोराला ताप भरला.

दुसऱ्या दिवशी त्यानं अंगावर दूध प्यायचं सोडलं. मी साकोलीला जाऊन डॉक्टरकडून औषध आणलं. येईपर्यंत गोदाकाकीचा अंगारा लावून झाला होता. ताई पाळण्याची दोरी धरून नुसती बसलेली. पोरगं रडतही नव्हतं, आणि रडणारं पोर परवडलं हे मला तेव्हा समजलं. चुलीपाशी माय कमरेवर हात ठेवून उभी होती. बाजूला चुन्याचं डबडं.

"दुसरा डोळा काढ," ती अनुसयाला म्हणाली.

"बाजूच्या चेहऱ्याले दुसरा डोळा बसत नाई, माय. कानात काढू काय?"

"काढत नसशीन तं मी चुना फासतो याच्यावर. अन् तू उद्याच्या एसटीनं बापाकडं जाय. वापस येऊ नको. माह्या घरात कानी जिवती अन् तोंडाची सून, दोन्ही खपत नाई."

मी दारात उभा होतो. नवरा नावाचा प्राणी अशा वेळी दारातच असतो, एक पाय मायकडे, एक पाय बायकोकडे, तोंड कोणाकडेच नाही. अनुसयाच्या डोळ्यात पाणी होतं, पण आवाजात नव्हतं. "माय," ती म्हणाली, "तुम्ही चुलीपाशी बसता, तवा मले बी तुमचा एकच डोळा दिसते. म्हणून तुम्ही कान्या झाल्या काय?"

पुढच्या खोलीत माग थांबला.

बा धोतराला हात पुसत आत आला. त्यानं भिंतीकडे पाहिलं, जवळ जाऊन पाहिलं. "किनार आपलीच हाये," तो म्हणाला.

"किनार पायता तुम्ही!" माय ओरडली. "डोळा पाहा! इचारा तिले, दुसरा कुठं हाये!"

अनुसयानं भिंतीकडे बोट केलं. "तिकडच्या अंगाले."

तिकडच्या अंगाला मधली खोली होती आणि पाळणा. बानं भिंतीवर तळहात फिरवला, मागावरून उतरलेलं थान उलटून बघायचा तसा. "कापडाले दोन बाजू रायते," तो म्हणाला. "भिताडाले काहून नसन? तिकडून काढ." आणि जाऊन मागावर बसला. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब भाषण. माय डबडं हातात घेऊन उभीच राहिली. चुना लावायचा तर आता नवऱ्याच्या किनारीवर लावावा लागणार होता.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. खाका एका अंगानं टाकला की चेहरा उजवीकडे बघतो, उलटा टाकला की डावीकडे. म्हणजे जिवती भिंतीच्या आत उभी आहे आणि आपणच तिच्या दोन्ही बाजूंनी फिरतो, असं अनुसयाचं म्हणणं. पण दुसऱ्या खोलीत खाका नेमका कुठं धरायचा, त्याला भिंतीतून खूण पाहिजे होती. "डोळ्याच्या बाहुलीत चाती टोचा," ती म्हणाली. चाती म्हणजे रहाटाची लोखंडी सळई. मी बाप्या माणूस, नुकतंच लग्न झालेलं, ताकद दाखवायची हौस. टोचली. कुडाची भिंत, वरून शेणमाती. चाती आरपार गेली आणि पलीकडे ताई ओरडली. खूण मागितली होती, मी खिडकी करून दिली. अनुसयानं माझ्याकडे पाहिलं. "बैल," ती म्हणाली. लग्नानंतर तिनं मला ठेवलेलं पहिलं लाडाचं नाव. ते शेवटपर्यंत चाललं.

तिनं पाळण्यावर वाकून त्या बाजूची जिवती काढली, तोच खाका उलटा टाकून, तीच किनार, तोच गाल, आणि बाहुलीच्या जागी माझं भोक. दुपारभर काढत होती. मी कंदिलाची काच पुसून उजेड धरत होतो. ताईनं डोळे मिटले नाहीत. पोरगं गुंगीत होतं. मधेच त्यानं डोळे उघडले आणि रंगाकडे बघत राहिलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि त्यानं दूध मागत असा टाहो फोडला की माग ऐकू येईना. डॉक्टरची बाटली, गोदाकाकीचा अंगारा आणि जिवती, तिघांनीही श्रेय घेतलं. ते पोरगं आज साकोलीच्या एका कचेरीतून बाबू म्हणून रिटायर झालं आहे आणि पोट असं आहे की एवढं राखायची काही गरज नव्हती.

चुन्याचं डबडं परत कोनाड्यात गेलं, एसटीचा विषय निघाला नाही. मग एका दुपारी मी पाणी प्यायला आत गेलो तर माय भिंतीला चिकटून उभी. मला वाटलं, पाया पडते आहे. पाया पडत नव्हती. जिवतीच्या डोळ्याला डोळा लावून पलीकडच्या पाळण्याकडे बघत होती.

"काय करून राहिली माय?"

"काई नाई," ती म्हणाली. "हे भोक बुजवा लागन. पाल येईन."

आणि तिथून हलली नाही. भोक काही कोणी बुजवलं नाही. घर पक्कं बांधलं तेव्हा भिंतीबरोबरच ते गेलं.

तेव्हापासून अनुसयानं एका बाजूचं चित्र काढलं नाही. एका चित्रात एका अंगाला धरण, भिंतीवरून एसटी चाललेली, सोन्याची बारीक कड. दुसऱ्या अंगाला त्याच पाण्याखालचं तिचं गाव, दारातून मासे ये-जा करताहेत. चित्रातल्या माणसाला दोन्हीकडून एकच डोळा, मधे माझं भोक. गॅलरीवाल्यांनी पहिल्या खेपेला ती चित्रं चांगल्या चौकटी करून भिंतीला टेकवून टांगली. "अर्ध्या चित्राले भिताडाकडं तोंड करून उभं केलं," ती म्हणाली, "शाळेतल्या पोरासारखं." मग त्यांनी दोन्हीकडून काच लावून ती छतापासून तारांनी सोडली, पाळण्यासारखी, आणि ही कल्पना कोणाची यावर आपसांत भांडले.

ते सगळं काढून झालं तरी स्वतःला तिनं कधी काढलं नव्हतं. "मले कोन पायते," म्हणायची. या वर्षी काढायला घेतलं. एसटीच्या खिडकीशी बसलेली म्हातारी, चष्मा कपाळावर सरकवलेला, पांढरा केस न् केस वेगळा, आणि एक लांब डोळा बाहेर पाण्याकडे. पहिलं अंग झालं. दुसऱ्या अंगाचं, ते आधी सांगितलं. उद्या सकाळी.

सकाळी मी चहा ठेवला, दोघांचा. हाक मारली. दुसऱ्यांदा मारली नाही, कारण तिला हात लावला होता. आता शेजाऱ्यांना सांगायचं, पोराला पुण्याला फोन करायचा, म्हणजे घर भरणार, कोणीतरी त्या कागदावर चहाचा कप ठेवणार, आणि दुपारपर्यंत मुंबईचा फोन येणार, चित्र पुरं झालं होतं का म्हणून. मी आधी पंखा बंद केला. खाका टाकताना पंखा बंद, हा तिचा नियम. कागद पाटावर पालथा घातला. खरंच, कोपऱ्यात जरा खरबरीत होता. खाका उलटा धरला, पुरचुंडी आपटली, उचलला. ठिपक्यांचं कपाळ आलं, नाक आलं, डोळा आला. रेघ ओढणं माझं काम नाही, ती मी ओढली नाही. भोक माझं काम. गोधडीची सुई घेऊन बाहुलीत टोचली, मग कागद उचलून डोळ्याला लावला आणि भोकातून पाहिलं. पलीकडे खाटेवर ती होती, कुशीवर. एकच डोळा दिसत होता, मिटलेला.

कागद कपाटावर ठेवला आणि शेजारी जाऊन कडी वाजवली. गोदाकाकीच्या सुनेनं दार उघडलं.

"भाऊजी, गालाले कोळसा कायचा लागला?"

"चित्राचा," मी म्हटलं. "चला. अनुसया गेली."